देण्याघेण्याची साडी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. हे कोणाच्या हाती लागलंच तर आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. मग लिहायचं काम पडलं ते साडीच्या पाकिटावर किंमत टाकण्यापुरतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडलं की बोलायचं तेच विसरते, आणि घरी आल्यावर सगळं आठवतं. म्हणून लिहिते. तेवढाच राग उतरेल.

साकोलीला आमचं साड्यांचं लहानसं दुकान आहे. दुकानात मी बसते. माल आणायला घरचे, म्हणजे माझे मालक, नागपूरला जातात, आणि बाजार आपल्यालाच कळतो असं त्यांना वाटतं.

आमचं घर मुळात विणकरांचं. सासरे हातमागावर लुगडी विणत. गिरणीच्या पातळ साड्या आल्या तेव्हा ते म्हणायचे, "चार दिवसाची हौस हाय बायाईची. दोनदा धुतली का समजन." बायांनी दोनदा धुतली आणि त्यांना समजलं ते असं, की ही साडी घडीभरात वाळते, अंगाला जड होत नाही आणि स्वस्तही पडते. त्या परत लुगड्याकडे आल्या नाहीत. मागाचं लाकूड शेवटी गोठ्याच्या छपराला लागलं. घरच्यांनी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून नवीन काही दिसलं की ते हातचं सुटेल अशी त्यांना धास्ती वाटते. "माझ्या बापाले वळखू नाही आलं, मी चुकनार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या दिवाळीनंतर लाइटवाली साडी आली. मोबाईलवर कोणी एक बाई ती नेसून नाचत होती, तिच्या टिकल्या अंधारात चमचम करत. जी बाई येई ती मोबाईल पुढं करून म्हणे, "अशी हाय का जी?" पहिला गठ्ठा आला तसा उडाला. घरचे दुकानात उभे राहून हसत होते.

"आता मोठा माल उचलतो," ते म्हणाले. "मागनी पाहून राहिली ना?"

मीही मागणी पाहतच होते. मोठ्या मालाला पैसे नव्हते. ते बचत गटातून माझ्या नावावर घ्यायचे ठरले.

आमच्या गटात मोठी रक्कम एकावेळी एकीलाच मिळते. तिनं फेडली की दुसरीचा नंबर. त्या वेळी नंबर माझा नव्हता, शेजारणीचा होता. नवरा नसलेली, माझ्याहून लहान बाई. तिला शेवयाची मशीन घ्यायची होती. पण तिनं सभेत स्वतःच सांगितलं, "घ्या काकू तुमी आधी. तुमची लग्नसराई हाय. मले उनाया लागाच्या आधी भेटले म्हंजे झालं." शेवयांचं काम उन्हाळ्यातच असतं.

माल आला. थोडे दिवस गेला, आणि मग थांबला. बाया येत, हात लावत, म्हणत, "हे होय? हे त सबनच घेतली." आणि दुसरंच काही बघत. घरच्यांनी साड्या दाराला टांगल्या. ऊन लागून दारच्या साड्यांच्या घड्यांवरचा रंग उडाला. "मंदी हाय," ते म्हणायचे. एक दिवस म्हणाले, "तू गिऱ्हाइकासंग बोलत नाही, म्हनून असं होते." त्या दिवशी मी जेवले नाही.

माघात लाखांदूरला नणंदेच्या घरी लग्न होतं. नणंदेनं मला आहेराची साडी दिली. उघडून बघते तर लाइटवाली. पाकिटाच्या कोपऱ्यात वाकडा आकडा, माझ्याच हातचा. नणंद तर आमच्या दुकानात त्या साली आलीच नव्हती.

"ताई, ही कुठून आनली जी?"

"मले माह्या जावेनं देली. तिले तिच्या भावजयीनं." मग माझ्याकडे बघून ती खो खो हसली. "बाप्पा! तुहीच साडी तुले भेटली का वं?"

बाजूची म्हातारी म्हणाली, "तिले नेसाले कोन घेते? टिकल्या टोचतेत. ते द्या-घ्याची साडी हाय. फिरते."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला रडू येत होतं. एसटीत खिडकीशी बसून सगळं जुळत गेलं. आमच्याकडे आहेरात आलेल्या साडीची घडी कोणी मोडत नाही, ती पाकिटातच ठेवून पुढच्या लग्नात देतात. मलाच माझ्या कपाटातल्या अशा किती साड्या आठवल्या! एक साडी चार लग्नं भागवते. म्हणजे आम्ही विकलेल्या साड्याच फिरून आमच्या नव्या साड्यांची गिऱ्हाईकं खात होत्या. विचारणाऱ्या शंभर दिसल्या, पण नेसून, धुवून, परत तशीच मागायला कोणी आली का, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. सासऱ्यांनी धुण्याची गोष्ट बरोबर काढली होती. फक्त धुतल्यावर बाया काय म्हणतात ते विचारायला ते गेले नाहीत.

घरी आल्यावर मी हे घरच्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता शिकवून राहिली? तवा काहून नाही बोलली?" तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं! पण हे उत्तरही मला घरात भांडी घासताना सुचलं.

उन्हाळा लागला. पैसे फिटले नव्हते. शेजारीण दुसऱ्या बाईच्या मशीनवर मजुरीनं शेवया काढायला जाऊ लागली. रोज सकाळी आमच्या दारावरून जायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी धीर करून गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "नेसाले पाह्यजे का द्याले?" घरचे चिडले, "असं इचारते का कोनी?" पण बाया सरळ सांगत. द्यायला म्हणणाऱ्यांना मी लाइटवाली घेतल्या भावाच्याही खाली दिली. तोटा झाला, पण माल हलला.

मग रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले. चिखलात उतरताना आमच्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. त्या दिवसांत दोघी-तिघींनी विचारलं, "शर्ट हाय का जी एखादा?" साडीच्या दुकानात शर्ट! मी आधी हसले. मग विचारलं, घरचा का नाही घालत? एक म्हणाली, "घरचे आता टी-शर्टच घालते. बाही नाही, खिसा नाही. मोबाईल कुठी ठेवू, चिखलात?"

या खेपेला मी घाई केली नाही. कापड आणलं, घरच्या शिलाई मशीनवर थोडेच शर्ट शिवले, खिशाला बटण लावून, आणि वाट पाहिली. एक बाई चिखलाच्या पायानं आठवड्यानं परत आली. म्हणाली, "सुनेले पाह्यजे, असाच." तेव्हा मी बाकीचं कापड काढलं.

रोवणी संपता संपता रक्कम जमली. घरचे खूश होऊन म्हणाले, "आता नागपूरहून गाडीभर शर्टच आनतो, रंगीबेरंगी!"

"रोवना संपला जी," मी म्हणाले. "आता कोन घेईन?"

"तू लय भेते," ते म्हणाले. अजूनही रोज तोच वाद चालू आहे. या माणसाला काय सांगावं ते मला कळत नाही.

काल गटाची सभा झाली. मी पैसे अध्यक्षबाईंपुढे ठेवले. शेजारीण बाजूलाच बसली होती. कितीतरी दिवस मनात घोकलेलं बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "तुहा उनाया गेला ना वं."

"गेला त गेला काकू," ती म्हणाली. तिचा आवाज गोड नव्हता. "मशीनच घेईन. शेवया का पुढच्या साली बंद होते?"

अध्यक्षबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्या नावापुढे 'पूर्ण फेड' लिहिलं आणि त्याच नोटा तशाच तिच्या हातात दिल्या.