हात वर करून निवडलेला अध्यक्ष

माणूस कसा आहे हे मला भाव करताना कळतं. औरंगपुऱ्यात हातगाडीवर स्टीलची भांडी विकत मी उभा राहिलो. आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे, आणि ते कुणाच्या मेहरबानीनं झालेलं नाही. तरीही आमच्या व्यापारी संघटनेचा अध्यक्ष निवडताना मी अडकलो. तो राग अजून गेलेला नाही.

रस्ता रुंद होणार अशी कुणकुण होती. मोजणीला महापालिकेची माणसं येतील तेव्हा दुकानांच्या वतीनं कोण बोलणार, एवढाच त्या निवडणुकीचा अर्थ होता.

दोघे उभे होते. एक कापडवाले शेठ, माझ्याच धर्माचे. गल्लीमागच्या खंडोबाच्या देवळाचा सगळा खर्च तेच करतात. मी गाडीवर होतो तेव्हा त्यांच्या दुकानापुढं माझी गाडी लागू नये म्हणून हेच शेठ रोज सकाळी त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायचे. ते पाणी मी विसरलेलो नाही.

दुसरे पेट्या-कपाटांचे दुकानदार, मुसलमान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझं दुकान झाल्यावर एकदा अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, तेव्हा शेठनी शटर ओढून घेतलं होतं. चाचा गाडीपुढं उभे राहिले. साहेबाशी मराठीत, ड्रायव्हरशी हिंदीत बोलून त्यांनी सगळ्यांसाठी मुदत मिळवली आणि तसेच माझ्याकडे आले.

"भाऊ, पहिले तुमची भांडी रस्त्यावरून आत घ्या. मी साहेबाला कोणत्या तोंडानं बोलू?"

चार लोकांत मी त्यांना नको ते बोललो. पण भांडी आत घेतली. माझं मत चाचांनाच, हे तेव्हाच ठरलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

निवडणुकीच्या आधी शेठनी 'आपल्या' लोकांना देवळात आरतीला बोलावलं. बायकोही माझ्यासोबत होती. आरती झाल्यावर एक ताट फिरलं. त्यात बेलाची पानं आणि भंडारा. ज्यानं त्यानं ते उचलायचं आणि शेठना मत देईन अशी शपथ घ्यायची. ताट माझ्यापुढं आलं तसा मी हात मागं घेतला.

"मत असं मागतात व्हय?"

शेठ हसले. "राहू द्या, राहू द्या. ह्यांचा भाव तिकडं ठरला असंल."

माझं डोकं फिरलं. माझा भाव काढणारे तुम्ही कोण, असं म्हणत मी बेलभंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली.

देवळाच्या पायऱ्या उतरतानाच कळलं काय झालं ते. गिऱ्हाईक घुटमळलं की मी हेच करतो. "ताई, हे पातेलं तुम्हाला नाही परवडणार," म्हटलं की ती चिडून सगळ्यात जड पातेलं घेऊन जाते. शेठनी मला ती शपथ तशीच विकली होती.

घरी बायको म्हणाली, "आता बदलू नका."

"त्या माणसाला दिलेला शब्द, तोही रागात."

"त्याला नाय दिला. देवाला दिला."

"मग मोजणीवाल्यांशी देव बोलणार का?"

ती भाकरी थापत राहिली.

शेजारी चपलांचं दुकान आहे. मालक बौद्ध, माझा जुना दोस्त. त्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "आमच्यापुढं कोणी ताट आणत नाय, लई बरं हाय. तुमच्या हाताला आता कुलूप."

कुलूप उघडायची एकच वाट होती. आमच्याकडे अध्यक्ष पहिल्यापासून हात वर करून निवडतात. चिठ्ठ्या टाकल्या तर शपथेचं काय झालं ते देवात आणि माझ्यात राहिलं असतं. देवाशी मी बोलून घेतलं असतं. सभा सुरू होताच मी उभा राहिलो आणि चिठ्ठ्यांची मागणी केली. शेठ नको म्हणतील असं वाटलं होतं. नको म्हणाले ते चाचा.

"नको भाऊ. उद्या साहेबासमोर उभा राहिलो तर माझ्यामागं कोण आहे ते मला दिसलं पाहिजे. छुपा हात काय कामाचा?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. ज्या माणसासाठी मी वाट काढत होतो, त्यानंच ती बंद केली.

आधी शेठचं नाव पुकारलं. ज्यांनी ताटातून बेल उचलला होता ते सगळे एकमेकांकडे पाहत होते. शेठ माझ्याकडे पाहत होते. मी हात वर केला. चाचा थोडक्यात पडले.

मोजणीची माणसं आली त्या सकाळी अध्यक्षांचा फोन बंद होता. ते बाहेरगावी दर्शनाला गेले होते. मी धावत चाचांकडे गेलो. ते दुकानात एका पेटीवर बसून चहा पीत होते.

"चाचा, चला. तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

त्यांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. आवाजात राग नव्हता, असता तर मला भांडता आलं असतं.

"मी येऊन काय सांगू, भाऊ? साहेब विचारतील, तुम्ही कोण. अध्यक्षांना बोलवा."

चहा तसाच ठेवून मी परत आलो. एक माणूस माझ्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत वाकून रस्त्याच्या नव्या हद्दीची लाल खूण करत होता. त्यानं मला बाजूला सरकायला सांगितलं आणि मी सरकलो.