संपलेला सेल

जिन्याखालच्या दाराएवढ्या दुकानात घड्याळवाल्याची चाळीस वर्षं गेली. डोळ्याला भिंग लावलं की त्याला हाका मारून उपयोग नसे. बायको म्हणायची, "ह्यांना भूकंपसुद्धा सावकाश कळेल." ती गेली, मुलगी अडीच वर्षांच्या ठकीला दुपारपुरती त्याच्याकडे ठेवू लागली आणि म्हातारा जरा माणसांत आला. नात काउंटरमागे चटईवर खेळायची आणि तो डोळ्यांत तेल घालून तिला जपायचा.

एके दुपारी त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या किल्लीतला सेल बदलला. नाण्याएवढा जुना सेल बाजूला ठेवला, तेवढ्यात फोन वाजला. सेल घरंगळून कधी खाली गेला, त्याला पत्ताच नव्हता. संध्याकाळी ठकी दूध घेईना, सारखी लाळ गळत होती. दात येत असतील, असं तोच मुलीला म्हणाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून औषध दिलं. तिसऱ्या दिवशी पोरीला थुंकीही गिळवेना, तेव्हा मोठ्या इस्पितळात फोटो काढला.

छातीत वरच्या बाजूला गोल सावली होती. नाणं असेल, असं नर्स म्हणाली. घड्याळवाला पुढे झाला. सावलीच्या कडेला आतून आणखी एक बारीक कडं दिसत होतं.

"नाणं नाही ते," तो म्हणाला. "सेल आहे. माझ्या दुकानातला."

डॉक्टरांनी लगेच दुर्बिणीने सेल काढला. अन्ननलिका खोलवर भाजली होती.

"पण तो संपलेला होता हो."

"किल्लीपुरता संपलेला, काका. एवढ्याशा अन्ननलिकेला भाजायला उरलेला करंट पुरतो. दोन तासांतच सुरुवात होते."

जखम शेजारच्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं. पण ठकी हसायला लागली, नळीतून दूध पचायला लागलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अकराव्या सकाळी आईच्या मांडीवर बसल्या बसल्या तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर धावत आले. पण ठकी वाचली नाही.

मुलगी बापाला एका शब्दानेही बोलली नाही. तिने बोल लावला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला रडता तरी आलं असतं. ती ताट वाढायची, समोर बसायची आणि हळूच म्हणायची, "बाबा, जेवून घ्या." तो मान हलवायचा. अन्न निवून जायचं, तरी दोघंही उठायची नाहीत.