लिएजचा वाळका पाव

ताई, आम्ही सांगली सोडली त्या सकाळी तुम्ही भडंगाच्या तीन पिशव्या माझ्या बॅगेत कोंबल्या होत्या. वजन जास्त होतंय म्हणून तुमच्या भावाने, मिलिंदने, तुमच्या डोळ्यांदेखत त्यातल्या दोन काढून ठेवल्या, आणि तुम्हाला राग आला तो माझा. सासूबाई देवापाशी दिवा लावायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. अण्णा मात्र गाडीच्या दारापर्यंत आले. लेकाच्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणाले, "तिकडं तोंड उघडायचं. तोंड उघडलं नाहीस तर उपाशी राहशील."

सगळे हसले. मी नवी नवरी, मलाही हसावं लागलं. त्या वाक्यामागची गोष्ट तुम्ही माझ्या लग्नातच साभिनय करून दाखवली होती. अण्णा एसटी स्टँडवर कंट्रोलर. माइक बंद पडला तरी त्यांची घोषणा पार रसवंतीगृहापर्यंत ऐकू जायची. मिलिंद आठ वर्षांचा असताना त्याला कोल्हापूरला आत्याकडे धाडायचं होतं, म्हणून अण्णांनी त्याला आधी कँटीनच्या रांगेत उभं केलं आणि स्वतः मागे हाताची घडी घालून उभे राहिले. पोर काउंटरशी जाऊन पुटपुटलं, "मिसळ." अण्णा म्हणाले, "ऐकू नाही आलं. परत रांगेत जा." असं गाडी लागेपर्यंत चाललं. अख्खं कँटीन हसत होतं, आणि मिलिंद उपाशीच कोल्हापूरला गेला. तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा मिलिंदही हसतो. पण हसताना त्याचा हात गळ्यापाशी जातो, हे तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलेलं नाही.

जर्मनीत आखनला आल्यावर मुकी झाले मी. बेकरीत, डॉक्टरकडे, व्हिसाच्या ऑफिसात, सगळीकडे बोलणार मिलिंद. त्याच्या मराठीतसुद्धा 'या', 'गेनाऊ', 'आल्झो' असले जर्मन शब्द घुसले होते. घरमालकीण माझ्याशी बोलायला लागली की मी त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो मुद्दाम थोडा वेळ घ्यायचा. त्याला ते आवडायचं, ताई. माझ्याकडे होतं ते पुण्यात अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून घेतलेलं फ्रेंच. ते जर्मनीत काय चाटायचंय? पण आखनहून गाडीत बसलं की तासाभरात बेल्जियममधलं लिएज येतं, आणि तिथं सगळा कारभार फ्रेंचमध्ये. तिथे माझी जीभ सुटायची आणि मिलिंद बोटं दाखवून खायला मागायचा. म्हणून तो तिकडे जायला फारसा राजी नसे.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा आले. व्हिसा तीन महिन्यांचाच, पण जमलं तर दरवर्षी उन्हाळाभर लेकाकडे राहावं असं त्यांच्या मनात होतं. मला त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. सांगलीच्या रिकाम्या घरात संध्याकाळी भिंती अंगावर येतात, म्हणाले. ज्या माणसाच्या आवाजाने अख्खं स्टँड हलायचं, तो माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे हळूच बोलत होता. मला त्यांची दया आली. आता वाटतं, उगाच आली.

लिएजला जायची टूम मिलिंदनेच काढली. स्टेशनचं ते भलंमोठं पांढरं छप्पर अण्णांनी मान दुखेपर्यंत पाहिलं, "स्टँड असावं तर असं," म्हणाले. खुशीत होते. जेवणाच्या वेळेला आम्ही एका सँडविचच्या दुकानात शिरलो. काचेमागे वाडगे मांडलेले, चीज, अंडी, मासे, कसलेकसले लगदे. बाई अर्धा लांब पाव चिरते, आत काय, सॉस कुठला, सॅलड हवं का, असं एका दमात विचारते आणि तुम्ही अडखळलात की पुढच्याकडे बघते. जेवायच्या सुट्टीतली माणसं दारापर्यंत उभी होती. मिलिंदने बोट दाखवून आपलं घेतलं, पैसे दिले आणि बाजूला झाला. अण्णांसाठी मी तोंड उघडणार तोच त्याने माझा दंड धरला.

"आल्झो, अण्णा," तो म्हणाला, "तुमचं तुम्ही सांगा."

अण्णांना ती थट्टा वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईकडे. "वन... व्हेज," म्हणाले. बाई म्हणाली, "पार्दों?" मिलिंद म्हणाला, "ऐकू नाही आलं तिला. परत रांगेत जा."

आणि ते गेले, ताई. शुगरची गोळी घेऊन निघालेला म्हातारा, स्वेटर नीट करत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मिलिंद हाताची घडी घालून भिंतीला टेकला. मी म्हटलं, पुरे झालं आता. तो म्हणाला, "तू यात पडू नकोस." दुसऱ्यांदा अण्णांचा नंबर आला तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. बाईने खांदे उडवले आणि मागच्या माणसाला विचारलं. अण्णा बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मग मी रांगेत उभी राहिले. बारावीच्या फ्रेंचमध्ये चीज मागितलं, काकडी मागितली, गाजराचा कीस मागितला, मांसाची सुरी लावू नका असंही सांगितलं. बाईने मान हलवली आणि सुरी बदलली. आयुष्यात ती भाषा मला एवढी चांगली कधी आली नव्हती. अण्णांनी तो पाव दोन्ही हातांत धरून खाल्ला. वरची साल कडक होती, कवळीला झेपत नव्हती, पण त्यांनी कणही टाकला नाही. माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तिकीट अलीकडचं करा."

सांगलीला पोचल्यावर त्यांनी काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. "सुनेनं वाळका पाव घातला खायला. चावेना." खोटं तरी कसं म्हणू? पाव मीच दिला होता आणि तो वाळकाच होता. लेकाने उपाशी ठेवलं असं कुठल्या तोंडाने सांगणार? सुनेचं नाव घेतलं की कुणी पुढे काही विचारत नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी काहीही रांधल्याचा फोटो टाकला की तुमचा पावाचा इमोजी हजर असे. अण्णा तीन वर्षांनी त्याच रिकाम्या घरात गेले. तेराव्याच्या पंगतीत तुम्ही वाढत होतात. माझ्या ताटापाशी थांबून मोठ्याने म्हणालात, "हिला मऊ पोळी वाढा गं, पाव चावून दात हलले असतील." बायका हसल्या. मिलिंद समोरच्या पंगतीत होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि श्रीखंडात बोट फिरवत बसला. तोंड उघडायला एवढ्या कष्टाने शिकवलेला तुमचा भाऊ, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मला तुमचा राग आला, पण मी तुटले ती त्याच्यामुळे.

तेव्हापासून आखनच्या घरात मी मागितल्याशिवाय वाढत नाही. त्याचं रिकामं ताट समोर ठेवते आणि आपली जेवायला बसते. तो म्हणतो, "पोळी." मी म्हणते, "ऐकू नाही आलं." मग तो परत म्हणतो, जरा मोठ्याने, आणि त्याचा हात गळ्यापाशी जातो. मला ते दिसतं, तरी मी दुसऱ्यांदा म्हणायला लावते. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर आता मी हेच सांगेन. सांगलीला माझं घर नव्हतंच, आणि इथलं हे असं आहे.

तुम्ही मे महिन्यात येताय, भावाचा संसार बघायचाय, असं मिलिंद म्हणाला. जरूर या. लिएजलाही जाऊ, त्या दुकानात जेवू. तुमचं तुम्ही मागा. मी तुमच्या मागेच उभी असेन.