माळ्यावर कोणी नाही

माझ्या भाचीच्या संतापाला जगातले अन्याय पुरत नाहीत. एखाद्या दिवशी जग चुकून सरळ वागलं, तर ती आदल्या दिवसाचा राग गरम करून घेते. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला म्हणून ती एकदा इंदिरानगरहून सर्जापूर रोडपर्यंत चालत घरी गेली होती. एका लग्नात पुरुषांची पंगत आधी बसली, तर ही आचाऱ्यांमध्ये जाऊन जेवली आणि जेवताजेवता, "तुम्ही सगळ्यांच्या शेवटी का जेवायचं?" असं विचारून तिथेही असंतोष पसरवला. त्या दिवशी जिलेबी बरीच उशिरा आली.

अशा मुलीच्या हाती दहावीत शाळेने एक कादंबरी दिली. दोन ज्यू कुटुंबं एका दुकानाच्या माळ्यावर लपून राहतात. दिवसा खोकायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत. शेवटी समोरचा एक सद्गृहस्थ पोलिसांना कळवतो. प्रश्न होता, 'तुम्ही शेजारी असता तर काय केलं असतं?' अख्ख्या वर्गाने त्या कुटुंबांना आपापल्या घरी आसरा दिला. शेजारी इतके शूर असते तर मुळात कोणाला लपावंच लागलं नसतं. माझ्या भाचीने लिहिलं, 'आम्ही कळवलं असतं. अण्णांनी.'

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे भावजी, त्यांच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. माणूस भला, फक्त नियमाबाहेरचं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप फोनकडे जातो. वॉचमनने गावाहून आलेल्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला तळघरातल्या पंपाच्या खोलीत ठेवलं होतं. वाळत घातलेलं झबलं भावजींना दिसलं. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली अतिशय सभ्यपणे लिहिलं, 'कृपया नोंद घ्यावी.' संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. हे सगळं भाचीने उत्तरात उतरवलं. बाईंचा शेरा आला : शेवट आशावादी करून पुन्हा लिही, नाहीतर शून्य.

भावजी भडकले. "मी काय नाझी आहे?"

"नाही अण्णा. नाझी पुस्तकात अगदी शेवटी येतात. त्यांच्या आधी तुम्ही येता."

एवढं बोलून ती तडक यशवंतपूरला आमच्या घरी आली. "मामा, आमचं घर नापास. तुमचा माळा दाखवा." गणपतीचं मखर, तांब्याचे हंडे, मी कोणालाच टाकू न दिलेला मोडका पंखा, सगळं तिने खाली काढलं आणि वर जाऊन आडवी झाली. घरभर धूळ, आणि ती मात्र खोकायला तयार नाही.

तेवढ्यात भावजी दारात. "ती इथे आलीय?"

आयुष्यात मी या माणसाशी वाद घातला नव्हता, खोटं बोलणं तर दूरच. म्हणालो, "नाही."

भावजींची नजर उंबऱ्यापाशी गेली. तिच्या चपला तिथेच होत्या. तळघरात टीचभर झबलं हेरणारे ते डोळे चपलांवर बराच वेळ राहिले. फोन खिशातच होता. मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. आली तर सांगा, तिच्या आईने बिसीबेळे केलंय." आणि जिना उतरले.

वरून बारीक आवाज आला, "मामा, पास."

"आणि अण्णा?"

ती खाली उतरली. डोळे लाल होते, धुळीने असतील. "चपला माझ्या होत्या, मामा. झबलं परक्याचं होतं."

तिने शेवट बदलला नाही. शून्य घेतलं आणि रात्री घरी जाऊन बिसीबेळेही खाल्लं. आता ती शिकायला दुसऱ्या शहरात असते आणि तिथल्या लोकांवर संतापते. मखर अजून माझ्या टेबलाखाली आहे. बायको अधूनमधून विचारते, "हे वर कधी जाणार?" मी म्हणतो, "स्वल्प थांब." माळा रिकामा आहे. मधूनमधून मी स्टुलावर चढून तिथली धूळ पुसतो.