वाढपी विमानतळावर

शेंगाची चटणी निम्मी कुटून झाली होती. दाणे, लसूण आणि तिखट उखळात एकजीव होत आलं होतं, पण तेल सुटायचं होतं. ते सुटेपर्यंत हात थांबवायचा नसतो. तेवढ्यात फोन वाजला. आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पुण्याच्या विमानतळावरून आमच्या ह्यांचा फोन होता.

"अगं, हितं कुणी वाढंना," ते म्हणाले.

मी मुसळ खाली ठेवलं. काय म्हणतात ते आधी कळलंच नाही.

आमचे हे म्हणजे शिवपुत्र, वय एकसष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. शेडमध्ये चाळीस माग एकदम खडखडत असले तरी हे दारातूनच सांगायचे, "सात नंबर आजारी हाय." जाऊन बघावं तर सात नंबरच निघायचा. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात बसवत नाही. पंख्याचा आवाज ऐकतात, गिरणीचा ऐकतात, शेजाऱ्याच्या मोटरसायकलचासुद्धा. मग न बोलावता पाना घेऊन जातात.

पण त्यांना ओळखायचं तर मठात बघावं लागतं. श्रावणात आमच्याजवळच्या मठात रोज दासोह असतो, म्हणजे येईल त्याला जेवण. तिथं हे वाढपी. डाव्या हातात बादली, उजव्या हातात डाव, कमरेला पंचा. ताटाकडे बघून वाढायचं नाही, तोंडाकडे बघून वाढायचं, असं ते नव्या पोरांना शिकवतात. दमेकऱ्याला ताक देत नाहीत, लाजाळू बाईला तिनं "पुरे" म्हटल्यावरही अर्धा डाव वाढतात. दोनशे पानं उठली की शेवटी स्वतः बसतात. आणि बसले की गप्प बसून राहतात. कुणीतरी वाढलं तरच जेवायचं.

एकदा सगळे भांडी घासायला गेले आणि हे रिकाम्या पत्रावळीपुढं पाऊण तास बसले. मग उठून हात धुऊन उपाशी घरी आले. मी म्हणाले, "अहो, भात समोर होता की!" तर म्हणाले, "समोर असला म्हणून काय झालं? वाढून मिळालं तर परसाद, मागून मिळालं तर भीक. आपल्या हातानं घेतलं तर चोरी." हे त्यांच्या वडलांचं, अप्पांचं, बोलणं. सासूबाई निंगव्वा होत्या तोवर त्यांनी वाढलं, पुढं मी वाढत आले. अडतीस वर्षांत ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं झाकण उचललेलं मला आठवत नाही.

चार वर्षांपासून त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. सकाळी पावणेआठला पोटावर टोचून घेतात आणि आठ वाजून पाच मिनिटांनी ताट पुढ्यात येतं. एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, अर्धी वाटी डाळ, काकडी. माझ्या रोजच्या वहीत तिथी, वार, त्या दिवशीचं संतांचं वचन आणि त्याखाली ह्यांची साखर लिहिलेली असते. काय द्यायचं, काय टाळायचं ते सगळं मला पाठ आहे. ह्यांना काहीच ठाऊक नाही, कारण पुढ्यात येईल ते खायचं एवढंच त्यांचं काम.

आमची काव्या कलकत्त्याला असते. जावई पंधरा दिवस परगावी, घरात सोबत हवी म्हणून तिनं दोघांनाही बोलावलं होतं. माझा श्रावणभर सिद्धेश्वराला रोज बेल वाहायचा नेम. तो मोडवेना. म्हणून हे एकटे निघाले, जन्मात पहिल्यांदा विमानानं. विमानाआधी बसायला लाउंज का काय ते काव्यानं फोनवरून ठरवून दिलं होतं. "पप्पा, तिथं खायला भरपूर असतं, पाहिजे ते घ्यायचं," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. 'घ्यायचं' म्हणजे काय, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"तुमी बसलाय कुटं?" मी विचारलं.

"टेबलाशी. लई झ्याक टेबल हाय. पावणेआठला टोचून घेतलं न् येऊन बसलो. लोक ताटं भरून नेतायत. माझ्याकडं कुणी येईना."

पावणेआठ! पन्नास मिनिटं झाली होती. टोचल्यावर वेळेत खाल्लं नाही तर साखर उतरते, माणूस बेशुद्ध पडतो.

"डबा? कडक भाकरी दिलीय की मी!"

"मोठ्या पिशवीत. ती बाईनं पट्ट्यावर सोडली."

"अन् खिशातली खडीसाखर?"

"तपासायला खिसे रिकामे करायला लावले. ट्रेमधी ऱ्हायली वाटतं."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, उठा आणि दिसेल ते तोंडात घाला. पण चार वर्षांची सवय. मला वाटलं, नीट बघून द्यावं. म्हणून म्हणाले, "व्हिडिओ लावा अन् जाऊन दाखवा काय काय ठेवलंय." सकाळपासून ते आठवून हात चोळतेय.

फोन हलत हलत निघाला. चकचकीत झाकणांची रांग. ह्यांनी झाकणाला हात लावला नाही. कुणी उघडलं की मागून फोन पुढं करायचे.

"उपमा हाय."

"लकाकतोय बघा कसा. डालडा असणार. नको."

"इडली?"

"पांढरीधोप आहे. तांदूळच तांदूळ. पुढं चला."

"मेदूवडा."

"तळलेलं आहे ते, नको."

"बटाट्याचा पराठा. कॉर्नफ्लेक्स. ब्रेड, जॅमच्या डब्या. केकचे तुकडे."

"नको, नको, सगळा मैदा आणि साखर आहे. ते पिवळं काय?"

"सरबत. यंत्रातनं पडतंय. आंबा, संत्रं."

"ते तर विष आहे तुम्हाला! फळं बघा फळं."

"कलिंगड. अननस. पपई." मग जरा थांबून, "तू हितंबी दवाखाना उघडलीस व्हय? दुकानात साडी बघितल्यागत चाललंय तुझं. एक तरी पास कर की."

मी हसले. खरंच हसले. आणि म्हणाले, "मोड आलेली मटकी कुठं असली तर बघा."

"मटकी..." ते म्हणाले. आणि मग, "तिसऱ्या मागाचा धागा तुटलाय. बंद कर त्याला."

 मला वाटलं, चेष्टा करतायत. पण आवाज जड झाला होता, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. चित्रात आधी जमीन आली, मग खुर्चीचा पाय, मग छताचे दिवे. फोन टेबलावर उताणा पडला होता.

"अहो! ऐकताय का? ते सरबत घ्या! आंब्याचं घ्या!"

"कुणी दिलं तर घेतो," लांबून आवाज आला.

मी किती मोठ्यानं ओरडले कोण जाणे. "कुणी आहे का तिथं? अहो, कुणीतरी फोन घ्या!" शेजारची मालती कपडे वाळत घालत होती, ती पिन हातात घेऊन आत आली. मी स्वयंपाकघरातून देवघरात आणि देवघरातून दारात फिरत होते. सिद्धरामा, सिद्धरामा, एवढंच तोंडात. अडीचशे किलोमीटरवर सरबताचं यंत्र आहे, माझा माणूस त्याच्यापासून दहा पावलांवर आहे आणि त्याला ग्लास भरून देणारं कुणी नाही.

मग फोनमध्ये एका मुलीचा चेहरा आला. कामावरचा कोट, छातीवर नावाची पट्टी.

"काकू, कोण पाहिजे तुम्हाला?"

"ते काका! त्यांना शुगर आहे. इन्सुलिन घेतलंय आणि पोटात काही नाही. ताबडतोब सरबत द्या, गोड असेल ते!"

तिनं दुसरा प्रश्न केला नाही. पावलं पळताना ऐकू आली, परत आली. "काका, तोंड उघडा. घोट घ्या. अजून एक. संपवायचाय ग्लास." मग मला म्हणाली, "घाम लई आलाय त्यांना, पण गिळतायत नीट. डॉक्टरांना बोलवलंय. तुम्ही फोन ठेवू नका." तिचं नाव इंद्रायणी. मूळची बार्शीची. हे तिनं मला त्या दहा मिनिटांत सांगितलं, बहुतेक मी रडू नये म्हणून. ज्याला मी विष म्हणाले होते त्याचे दोन ग्लास तिनं ह्यांना पाजले.

विमानतळावरचे डॉक्टर आले, बोटाला टोचून बघितलं, बासष्ट निघाली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, शंभरावर गेली. "आता पोटभर खायला द्या, मग जाऊ दे विमानानं," म्हणाले.

ह्यांचा आवाज हळूहळू मूळचा झाला. पहिलं वाक्य काय? "तू ओरडायलीस कशाला? सगळे बघायलेत."

इंद्रायणी म्हणाली, "काकू, ताट मी आणते. काय वाढू सांगा."

मी सांगणारच होते. इडली, मटकी, दही, सगळं जिभेवर आलं होतं. आणि एकदम मनात आलं, कलकत्त्याला काव्या सकाळी नऊला कामावर जाते आणि संध्याकाळी सातला येते. दुपारी हे कुणाच्या वाटेकडे बघत बसणार? तिथं इंद्रायणी नाही, मी नाही. सकाळी टोचून घेतलेलं असेल आणि दुपारी उपाशी बसतील.

"नको, बाई," मी म्हणाले. "तुम्ही नुसत्या त्यांच्याशेजारी उभ्या राहा. अहो, उठा. तुमचं तुमी घ्या."

"ते जमायचं न्हाय मला. अप्पांनी काय सांगितलंय..."

"अप्पांनी सांगितलेलं मोडा असं मी म्हणत नाही. हा दासोह समजा. तुमी वाढपी. पंगतीत एकच पान राहिलंय. म्हातारा आहे, साखरेचा आजारी, मघाशी पडता पडता वाचलाय. त्याच्या तोंडाकडं बघा आणि वाढा."

  मग खुर्ची सरकली.

"त्याला काय चालतंय?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. पण कौतुकाला वेळ नव्हता.

"पांढरं कमी, पण आज इडली पाहिजे. दोन. नुसती इडली भरभर उतरते, म्हणून संगं डाळ नाहीतर कडधान्य. ते टिकतं."

"मटकी हाय, कोपऱ्यात झाकलीय." झाकण उघडल्याचा आवाज झाला. त्यांनीच उघडलं होतं. "एक डाव?"

"दोन वाढा. सांबार?"

"थांब, वास घेतो. गोड मारतंय. न्हाय वाढत त्याला. दही हाय, साधं."

"वाढा. पपईच्या चार फोडी. अननस नको."

"उपम्याचं काय?"

"तुमी सांगा."

"तेल हाताला लागतंय. नगं." मग हळूच, "पेशंट लई हट्टी हाय. केकाकडं बघायलाय."

"त्याला म्हणावं, मघाशी दोन ग्लास सरबत प्यालास, तेच बास."

इंद्रायणी हसत होती. मालती माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत होती आणि डोळे पुसत होती. ते जेवले. आवाज ऐकू येत होता, चमचा ताटलीवर लागल्याचा. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभीच होते.

साडेदहाला विमान सुटलं. त्यानंतर माझ्यानं कुठंच बसवलं नाही. नेमाप्रमाणे बेल वाहून आले, पण पिंडीपुढं डोळे मिटले की छताचे दिवेच दिसायचे. नेमासाठी मी ह्यांना एकट्याला पाठवलं, हे देवाला सांगितलं.  माझी चूक नेमाची नव्हती असं मला वाटतं. सगळी अक्कल मी माझ्या हातात ठेवली आणि त्यांच्या पुढ्यात नुसतं ताट ठेवलं, ती चूक आहे. आणि आज घाई करायच्या वेळी मी पराठा नापास करत बसले.

अडीच वाजता काव्याचा फोन आला. पप्पा पोचले. साखर एकशे शहाऐंशी. "आई, पप्पा आल्याआल्या माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि डब्यांची झाकणं काढून बघतायत. विचारतायत, ह्यातलं आजारी माणसाला काय चालतंय. कोण आजारी आहे?"

मी सांगितलं सगळं. ती रडली, मग मलाच रागावली. मग म्हणाली, "संध्याकाळचं इन्सुलिन किती द्यायचं? सकाळी असं झाल्यावर नेहमीएवढंच द्यायचं की कमी?"

वही उघडून बघितली. चार वर्षांची पानं आहेत, पण असा दिवस त्यात नाही. अंदाजानं सांगायची आता हिंमत नाही. डॉक्टर फोनवर सांगत नाहीत. दवाखाना पाच वाजता उघडतो आणि काव्याला सातच्या आत कळवायचं आहे. साडेचार झालेत. लुगडं बदलून नंबर लावायला दवाखान्यात जायचं आहे.