एकोणीस नंबरची हजेरी

"सर, तिसरीत सत्तावीसच पोरं आहेत. तुमी रोज अठ्ठावीस कायले लिहून राहिले?"

मार्थाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्या शाळेत पोषण आहार तीच शिजवते. तिसरीच्या हजेरीचा आकडा मी सकाळी तिला पाठवतो आणि त्या आकड्याप्रमाणे ती ताटं लावते.

"हजेरी घेतली आहे, बाई. अठ्ठावीस आहेत."

"मंग मडावीची सुगंधा कोठी आहे? तिचे मायबाप संक्रांतीच्या पयलेच मिरची तोडाले गेले. तिलेबी घेऊन गेले. घराले कुलूप आहे."

"आज सकाळी ती बोलली की."

"अठ्ठावीस ताटं जातेत सर, अन् अठ्ठावीसबी रिकामे येतेत. तेच तर भेव वाटून राहिलं." मग तिने छातीवर क्रूस काढला. काही राहून जाऊ नये म्हणून पदराच्या गाठीतल्या अंगाऱ्यालाही हात लावला.

आमची शाळा देवरीच्या पुढे, हायवे सोडून जंगलाच्या बाजूला आहे. चर्चची आहे, पण ख्रिस्ती म्हणावं असं शाळेत फारसं काही नाही. मुख्याध्यापिका सिस्टर लूसी, मार्थाबाई आणि ऑफिसातला येशू, एवढंच. मी बौद्ध. मुलं गोंड, पोवार, थोडी आमच्या वस्तीतली. प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणतात. कोणाची कोणाला पोचते ते विचारायची पद्धत नाही.

मी चौथीचा वर्गशिक्षक. तिसरीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यामुळे तिसरीही माझ्याकडे आली होती. दोन वर्गांच्या मध्ये एक दार आहे. त्या दारात उभं राहून मी दोन्ही हजेऱ्या घ्यायचो. नजर पटावर. नाव वाचायचं, आवाज आला की खूण करायची. चोवीस वर्षं हे केलं की मान वर करायची गरज वाटत नाही. यालाच अनुभव म्हणतात.

सुगंधाचा आवाज मी चुकणं शक्य नव्हतं. दुसरीत ती माझ्याकडेच होती. सगळी मुलं "प्रेझेंट सर" म्हणतात. ती "हव जी" म्हणायची. आमच्याकडे "हो"ला "हव" म्हणतात आणि मोठ्यांपुढे त्याला "जी" जोडतात. वर्षभर मी तिला "प्रेझेंट" शिकवलं. ती मान डोलवायची, "हव जी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "हव जी". शेवटी मी नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी मान वर ठेवली.

सतरा. अठरा. "सुगंधा मडावी."

"हव जी."

बारीक, किंचित घोगरा, शेवटी खाली जाणारा आवाज. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरून आला. त्या बाकावर एक जागा रिकामी होती आणि शेजारी कविता नावाची मुलगी वहीवर हात ठेवून बसली होती. तिचे ओठ हलले नव्हते. कोणाचेच हलले नव्हते.

दुसऱ्याची हजेरी लावणारी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. ती हसतात, कोपराने ढोसतात, खाली बघतात. इथे सत्तावीस मुलं सरळ माझ्याकडे बघत होती. कोणी हसलं नाही. एकाही चेहऱ्यावर खोडीचं नाव नव्हतं. भूतबाधा, करणी, मोहिनी यांविरुद्ध मी गावात व्याख्यानं दिलेली आहेत. तरी माझ्या मानेवर काटा आला, हे कबूल करतो.

मधल्या सुट्टीत शुद्धलेखनाच्या वह्या काढल्या. गठ्ठ्यात एकोणिसावी वही होती. कालपर्यंतचं शुद्धलेखन त्यात होतं. सुगंधाचा "ग" डावीकडे कलतो, काना त्याच्यापासून दूर पडतो. वहीतला प्रत्येक "ग" डावीकडे कललेला होता. खाली माझीच लाल सही होती. रोजची.

वही घेऊन मी सिस्टरकडे गेलो. सिस्टर केरळच्या, पण इतकी वर्षं गोंदियात काढल्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा चांगली बोलतात. त्या सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ तपासत होत्या. पत्रिकेत अठरा पाहुण्यांची नावं होती, बिशपसाहेबांची तीन विशेषणं होती, आणि "शंभर टक्के उपस्थितीची शाळा" असं सोनेरी अक्षरांत होतं. विद्यार्थी "इत्यादी"मध्ये होते.

मी सगळं सांगितलं. सिस्टरनी चष्मा काढला.

"सर, इस स्कूल में एक ही घोस्ट अलाउड है. होली वाला."

"मी भूत म्हणत नाही, सिस्टर. मुलगी नाही आणि हजेरी आहे, एवढंच म्हणतो."

"तो बच्चों से पूछिए. और मार्था को बोलिए, किचन में नींबू मत टाँगे. बिशप साहब आ रहे हैं."

विचारून मुलं सांगत नाहीत. म्हणून मी शिक्षकांचं जुनं हत्यार काढलं. तिसरीत जाऊन पट उघडला, लाल पेनचं टोपण काढलं आणि म्हणालो, "एकोणीस नंबर शाळेत येत नाही. तिचं नाव कापतो."

असं नाव कायद्याने कापता येत नाही. पण धमकीला कायदा लागत नाही; ती आम्ही पिढ्यान् पिढ्या देत आलो आहोत.

कविता बाकावरून उठली. "नका कापू सर! नका कापू! ते मरन!"

"कोण मरेल?"

"सुगंधा. नाव कापला का मानूस मरते."

"कोणी सांगितलं तुला?"

"माह्या आज्याचा कापला ना जी! राशन कार्डातून. कम्प्युटरवर मेला म्हनून लिवलं. आजा रोज तहसीलले जाये, मी जित्ता आहो म्हने. सायेब म्हने, कागद दाखव. दोन मयने फिरला. मंग मेलाच."

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मेल्यावर लगेच कागद भेटला, सर."

मी पेनचं टोपण लावलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिरचीला जायच्या आठवडाभर आधीच सुगंधा कविताला म्हणाली होती, सर नाव कापतील. वर्गाने ते ऐकलं आणि वर्गाला कविताच्या आज्याचं माहीत होतं. म्हणून पाच जणांनी वार वाटून घेतले. तोंड न हलवता तिच्या आवाजात बोलायला ते आठवडाभर तलावाच्या पाळीवर बसून शिकले होते. वही कविता लिहायची. ताट वाटून खायचे, कारण ताट भरलेलं परत गेलं तर मार्थाबाई नाव सांगेल. शिकवण्याच्या कोणत्याही पद्धतीने मी या वर्गाकडून इतकं नेमकं काम करून घेऊ शकलो नव्हतो.

पाच जण आपापला वार सांगत होते आणि मी बोटं मोजत होतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार.

"आणि शुक्रवारी कोण?"

पाचही जण कविताकडे वळले.

"शुक्रवारी कोण बोलतं, कविता?"

"कोनी नाई सर." तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. "शुक्रवारी आमी बोलत नाई. आयकतो."

ती गेल्यापासून तीन शुक्रवार झाले होते, आणि पटावर तिन्ही शुक्रवारी एकोणीससमोर हजर असल्याची खूण होती. माझ्या हाताची. याचं सरळ उत्तर मला लगेच सुचलं: अठरा झालं की एकोणीस होणार, हात आपोआप चालतो, आवाजाची वाट कोण बघतो. हे उत्तर बरोबरच असणार. फक्त त्या तिन्ही शुक्रवारी मी तो आवाज ऐकला होता असं मला आठवतं, आणि आठवण हा काही पुरावा नाही.

सिस्टरना पाच वार सांगितले. सहावा सांगितला नाही. त्यांनी प्रूफ उलटं ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "आठ दिन में फंक्शन है. उसके बाद रजिस्टर ठीक करेंगे."

मी मान डोलावली. हे लिहून ठेवतो, कारण पुढचा दोष त्या मान डोलावण्यात आहे. मुलांना मी बोलायचं बंद करायला सांगितलं, नाव कापणार नाही असा शब्द दिला, आणि चार दिवस एकोणीससमोर स्वतःच खूण करत राहिलो. आता आवाजही लागत नव्हता.

पाचव्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. संस्थेचे दोन पदाधिकारी हारांचा क्रम ठरवत बसले होते. सिस्टरनी फोन स्पीकरवर टाकला. दुसऱ्या राज्यातल्या एका बालगृहातून बाई बोलत होत्या. हिंदीत.

रेल्वे स्टेशनवर एक मुलगी सापडली होती. पाण्याला उतरली असावी आणि गाडी निघून गेली असावी. नऊ दिवस त्यांच्याकडे होती. तिच्या अंगावरच्या स्वेटरच्या बिल्ल्यावर आमच्या शाळेचं नाव होतं.

"नाम क्या है?" सिस्टरनी विचारलं.

"वही तो दिक्कत है. लक्ष्मी पूछो तो हव. राधा पूछो तो हव. बालाघाट की हो? हव. रायपुर की? हव. तीन जगह फोन कर चुके. आपके यहाँ से कोई लड़की गायब है?"

सिस्टरनी पहिली ते चौथीचे चारही पट पुढे ओढले. संस्थेच्या माणसांपैकी एक मोठ्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे शंभर टक्के उपस्थिती आहे, मॅडम. रोज."

"अच्छा. तो स्वेटर किसी ने दिया होगा. ठीक है, सिस्टर, तकलीफ के लिए—"

"थांबा," मी म्हणालो. "फोन ठेवू नका. हजेरी खोटी आहे. मी लिहिली आहे."

हारवाल्याने हातातली यादी खाली ठेवली.

बाईंना खात्री हवी होती आणि त्यांचं बरोबर होतं; जी मुलगी कशालाही "हव" म्हणते तिला "तू सुगंधा का?" विचारून काय कळणार? मी म्हणालो, "तिला फोन द्या. काही विचारू नका."

तिसरीचा पट उघडला आणि एक नंबरपासून नावं वाचायला लागलो. नेहमीच्या चालीत, नेहमीच्या आवाजात. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. पाच. नऊ. "कविता—" म्हटलं तेव्हा श्वास थांबला, पण ती बोलली नाही. चौदा. सतरा. अठरा.

"सुगंधा मडावी."

"हव जी."

पदाधिकाऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या मानेवर मात्र पुन्हा तोच काटा आला, कारण पाच मुलांनी आठवडाभर घासून केलेली नक्कल चांगली होती, पण ती नक्कलच होती हे मला खरा आवाज ऐकून कळलं. आणि हा खरा आवाजही मी तिसरीच्या वर्गात ऐकला होता: शुक्रवारी.

एका गावची मिरची संपवून पुढच्या गावी जाताना ती हरवली होती; तिचे मायबाप त्याच रेल्वेलाइनवर दोन स्टेशनं पुढे पोलीस चौकीत बसून होते. त्यांचा फोन बंद पडला होता. तिसऱ्या दिवशी तिघं घरी आली. सुवर्णमहोत्सव झाला. भाषणं साडेतीन तास चालली. पत्रिकेतली सोनेरी ओळ झाकायला तिच्यावर बिशपसाहेबांचा फोटो चिकटवला होता.

मला संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली: खोटी उपस्थिती नोंदवल्याबद्दल. मी पहिल्यांदा सगळं लिहिलं. सिस्टरनी वाचलं, शुक्रवारच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ये मत लिखिए सर. वो लोग सवाल पूछेंगे, और आपके पास जवाब नहीं है." तिथे मी "सवयीमुळे" असं लिहिलं. स्पष्टीकरण मान्य झालं. सक्त ताकिदीची प्रत माझ्या सेवापुस्तकात लावली आहे.

नवे शिक्षक आले की त्यांना मी एवढंच सांगतो. हजेरी घेताना पेन खाली ठेवा आणि बाकांकडे बघा. आवाज आला तरी.