वैनी, दादाला सांगा

"गिलान-बारे सिंड्रोम," सांगलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय, तर रोगाशी लढणारी अंगातलीच ताकद बिथरते आणि आपल्याच नसांवर उठते. तासगावला बेदाणा शेडवर पायांना मुंग्या आल्या, तेव्हा चप्पल घट्ट झाली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. बघता बघता पाय गेले, मग हात, मग श्वास.

तोंडातून घशात नळी घातली आणि ती व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राला जोडली. सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. हलत होत्या फक्त पापण्या. नाक खाजलं तरी सोसायचं. ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना सांगते, माणूस आत जागा असतो. उशाशी जपून बोला.

आमच्याकडे ते कुणाला जमायचं? दीर सुनील चिडला की अख्ख्या गल्लीला ऐकवतो. आमचे हे बिनसलं की तोंड शिवून घेतात. द्राक्षबागेच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद. समोरासमोर जेवायला बसून एक म्हणणार, "वैनी, दादाला सांगा, मोटर बंद करा." दुसरा म्हणणार, "त्याला म्हणावं, बघतो." मधल्या शिव्या गाळून निरोप मी पोचवायची. घर माझ्यामुळं चाललंय, असंही वाटायचं.

मग डॉक्टर म्हणाले, "नळी फार दिवस तोंडात ठेवता येत नाही. ट्रेकिऑस्टॉमी करावी लागेल, गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथून श्वास. उशीर करू नका, आजच ठरवा."

खाटेच्या एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला सुनील.

"वैनी, दादाला सांगा, गळा कापू द्यायचा न्हाई. पुण्याला न्यायचं."

"त्याला सांग, वाटंत काय झालं म्हंजे?"

दोघंही माझ्याकडे बघून! इतका संताप आला मला. इथं माझा जीव टांगलेला, आणि निरोपही मीच पोचवायचा? मी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. तेवढंच माझ्या हातात होतं.

दोनदा "वैनी, वैनी" करून झालं. मग सुनील ओरडला, "दादा, तू बोल की! तुझी बायको हाय!"

"भ्या वाटतंय रं," हे म्हणाले. "आवाजच गेला तिचा तर?"

सुनीलचा आवाज एकदम खाली आला. "मला बी लय भ्या वाटतंय, दादा. पर आदी जीव ऱ्हाऊ दे. पुण्याचं ऱ्हाऊ दे, डॉक्टरला व्हय म्हण. मी हाय."

ह्यांनी सही केली.

हळूहळू अंगात ताकद आली, यंत्र सुटलं, गळ्याची जखम भरली, आवाज आला, थोडा घोगरा. काठी घेऊन चालते. डॉक्टरांचे, आणि रोज वेणी घालून देणाऱ्या सिस्टरांचे उपकार फिटायचे नाहीत.

भांडणं अजून होतात. परवा पाण्यावरूनच हे पहिल्यांदा सुनीलवर ओरडले, तोंडावर, घसा फोडून. मी आत भाकरी थापत होते. बाहेर गेले नाही. इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले.